तोंड वाकडं झालंय? आधी कपाळ बघा

पक्षाघात बहुतेकांना ठाऊक असतो. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, जीभ जड होते, तोंड वाकडं होतं. त्यावर आणखी लिहीत नाही.

पण वाकडं तोंड दिसलं की लगेच ‘लकवा मारला’ म्हणून मोकळं होणं मला मुळीच पटत नाही. बेल्स पाल्सी हा वेगळा आजार आहे. त्यात मेंदू धडधाकट असतो. बिघडते ती मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्यांपैकी सातवी. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी ही नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते. तिथे ती सुजली की हाडातच चेपते.

आता खरा फरक. समोरच्याला भुवया वर करायला सांगा. पक्षाघातात ओठाचा कोपरा ओघळलेला असला तरी कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात. बेल्समध्ये त्या बाजूचं कपाळ इस्त्री फिरवल्यासारखं सपाट राहतं, भुवई जागची हलत नाही.

असं का? सातव्या नसेचं केंद्र मेंदूच्या देठात, पॉन्समध्ये असतं. त्यातल्या कपाळ हलवणाऱ्या भागाला मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा येतात, खालच्या चेहऱ्याच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्धगोलाकडून. त्यामुळे एक अर्धगोल निकामी झाला तरी कपाळाचं काम दुसऱ्यावर निभावतं. नसच चेपली, तर आज्ञा कुठूनही येवो, ती स्नायूपर्यंत पोचत नाही.

इथेच लोक नेमकं उलटं समजतात. अर्धा चेहरा पडला तर घाबरतात आणि नुसता ओठ ओघळला तर ‘किरकोळ आहे’ म्हणून सकाळपर्यंत थांबतात. खरं तर कपाळ शाबूत आणि ओठ वाकडा, हीच जास्त धोक्याची खूण.

अपवाद आहे. झटका पॉन्समध्येच आला तर कपाळही पडू शकतं. तेव्हा एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, हातापायात कमजोरी असं काहीतरी सहसा सोबत असतं. म्हणून कपाळाची परीक्षा घरी बसून राहण्यासाठी वापरू नका. तोंड अचानक वाकडं झालं की थेट हॉस्पिटल गाठा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं.

दुसरी खटकणारी गोष्ट: ‘बेल्समध्ये पापणी पडते.’ नाही! डोळा मिटत नाही. पापणी उचलते तिसरी नस, मिटवते सातवी. रुग्ण डोळा मिटायला जातो तेव्हा बुबुळ वर सरकतं आणि फटीतून पांढरं दिसत राहतं. पापणी खरंच लोंबत असेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

जिभेच्या पुढच्या भागाची चव जाणं, त्या बाजूच्या कानाला आवाज मोठे वाटणं, कानामागे दुखणं हेही बेल्समध्ये होतं. कानात फोड आले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

बेल्समधून बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. स्टिरॉइड ७२ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा चांगला फायदा होतो. मला संताप येतो तो मालिशवाला शोधण्यात हे तास घालवले जातात याचा, कारण तोवर उघडा डोळाही कोरडा पडत असतो आणि बुबुळावर जखम होऊ शकते. दिवसा अश्रूंसारखे ड्रॉप्स, रात्री मलम घालून पापणी टेपने नीट बंद करणं, हे पहिल्या दिवसापासून हवं.