कपाटामागची भिंत

गणपतीच्या आधी घर आवरायला काढलं आणि बेडरूममधलं लाकडी कपाट पुढे ओढलं. मागच्या भिंतीवर हातभर काळा पट्टा आणि प्लायवूडवर हिरवट, मखमलीसारखा थर. कुबट वास तर जुलैपासूनच येत होता. त्याच खोलीत झोपणाऱ्या आईला पहाटे खोकल्याची उबळ यायची आणि आम्ही पावसाळी सर्दी समजून काढे देत राहिलो.

नेमकी तीच भिंत का? कारण ती पश्चिमेची. नैर्ऋत्येचा पाऊस तिला थेट झोडपतो. कोकणात मृग लागायच्या आत पडवीला झापं बांधतात ती याच झडीसाठी. फ्लॅटची भिंत मात्र उघडी. प्लॅस्टरला केसाएवढी चीर पडली तरी पाणी आत झिरपतं, आणि कपाट चिकटून असलं की मागे वारा लागत नाही, ओल सुकत नाही. बुरशीचे बीजाणू हवेत बारा महिने असतातच. ओल मिळाली की ते 24 ते 48 तासांत रुजू लागतात. खायला रंग, कागद, लाकूड, अगदी साधी धूळही पुरते.

अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा बीजाणू जेमतेम 2 ते 3 मायक्रॉनचा. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. इतका बारीक कण नाकात अडकत नाही, फुफ्फुसात खोलवर पोहोचतो. निरोगी माणसाच्या पेशी त्याचा फडशा पाडतात. पण अ‍ॅलर्जी असेल तर शिंका, डोळ्यांना खाज, छातीत घरघर सुरू होते आणि दमेकऱ्यांचा दमा उसळतो. ओलसर घरात राहणाऱ्यांना दम्याचा आणि श्वसनाच्या तक्रारींचा धोका जास्त असतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच सांगितलं आहे. काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेतल्या कफात ही बुरशी मुक्कामच ठोकते. या आजाराला एबीपीए म्हणतात. त्यात कफातून तपकिरी गुठळ्या पडतात, आणि आपल्याकडे छातीचा एक्स-रे पाहून कधी कधी त्याला क्षय समजून औषधं सुरू होतात. म्हणून दमा आटोक्यात येत नसेल, तर घरातल्या ओलीबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा.

भिंतीवरचा काळा रंग पाहून 2021 मधली ‘ब्लॅक फंगस’ची साथ आठवते, पण तो म्युकरमायकोसिस वेगळ्याच जातींच्या बुरशीमुळे होतो आणि मुख्यतः अनियंत्रित मधुमेह किंवा स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना गाठतो. रंगावरून बुरशीची जात ओळखता येत नाही.

पांढरा, पिठासारखा थर असेल तर तो बहुधा लोणा, म्हणजे भिंतीतून वर आलेला क्षार. त्यावर पाण्याचा थेंब सोडा. लोणा विरघळतो, बुरशी तशीच राहते.

साफ करताना कोरडा ब्रश किंवा झाडू अजिबात नको, बीजाणू घरभर उडतात. एन-95 मास्क आणि हातमोजे घाला, खिडकी उघडा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि पंखा लावून भिंत कोरडी करा. बुरशीवर ब्लीच ओतून मोकळं होणं मला पटत नाही. मेलेली बुरशीही अ‍ॅलर्जी देते, आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मिसळला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. पावसात घरात कपडे वाळत घालणंही जमेल तितकं टाळा. धुण्याच्या एका घाण्यातून लिटर-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं.

आणि वरून रंग मारण्याची घाई करू नका. आम्ही पुसलेल्या भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून घट्ट बसवला. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या बाहेरच्या बाजूला थेंब दिसले असते, तर ओल खोलीच्या हवेतली. आमच्याकडे ते आतल्या बाजूला होते, म्हणजे पाणी भिंतीतच आहे. रंगाऱ्याला दिवाळीनंतर यायला सांगितलं आहे. त्याआधी बाहेरची चीर बुजवून घ्यायची आहे. कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे आहे, आणि आई सध्या हॉलमध्ये झोपते.