ई१७१ : पांढऱ्या रंगाचा वाद

च्युइंग गमचा शुभ्र लेप, रंगीत गोळ्यांच्या कवचाखालचा पांढरा थर, केकवरचं आयसिंग, कॉफीत घालायची क्रीमर पावडर. यांतल्या बऱ्याच पदार्थांत पांढरेपणासाठी वर्षानुवर्षं टायटॅनियम डायऑक्साइड वापरलं गेलं. वेष्टनावर ते ई१७१ किंवा नुसतं १७१ म्हणून दिसतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं ते भिंतींच्या रंगासाठी. खाण्यात ते नंतर आलं. अमेरिकेने १९६६ साली वजनाच्या १ टक्क्यापर्यंत परवानगी दिली. ते विरघळत नाही, आतड्यातून जेमतेम शोषलं जातं आणि बहुतेक सगळं शौचावाटे बाहेर पडतं, एवढ्यावर सगळे निर्धास्त होते.

पुढे कणांच्या आकाराकडे लक्ष गेलं. या भुकटीतले काही कण १०० नॅनोमीटरहून (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लहान असतात, आणि एवढे बारीक कण पेशींत शिरतील अशी शंका आली. २०१७ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांना १०० दिवस पाण्यातून ई१७१ दिलं, तेव्हा काहींच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाआधीचे मानले जाणारे बदल दिसले. नंतरच्या एका प्रयोगात ते दिसले नाहीत. तरीही फ्रान्सने १ जानेवारी २०२० पासून खाद्यपदार्थांतला त्याचा वापर थांबवला.

खरा वाद २०२१ चा. २०१६ साली याच पदार्थाबद्दल चिंतेचं कारण नाही म्हणणाऱ्या युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने मे २०२१ मध्ये मत बदललं. बातम्यांत 'ई१७१ मुळे कर्करोग' असं छापून आलं, पण अहवालात तसं म्हटलेलं नव्हतं. हे कण पेशींतल्या डीएनएला इजा करत नाहीत असं खात्रीने सांगता येत नाही, म्हणून रोजची सुरक्षित मात्राही ठरवता येत नाही, असा तो निष्कर्ष होता. अपाय सिद्ध होणं वेगळं आणि निर्धोकपणा सिद्ध न होणं वेगळं. युरोपीय संघाने दुसऱ्या कसोटीवर निर्णय घेतला आणि सहा महिन्यांच्या मुदतीनंतर ऑगस्ट २०२२ पासून खाद्यपदार्थांत बंदी लागू झाली. ब्रिटन आणि कॅनडाच्या तज्ज्ञांना हे पटलं नाही. अनेक चाचण्यांत मुद्दाम सुटे केलेले नॅनोकण वापरले होते, अन्नात ते गुठळ्यांच्या रूपात असतात, हा आक्षेपाचा मुख्य मुद्दा. तो वजनदार आहेच. पण हा पदार्थ पोषण देत नाही, अन्न टिकवतही नाही. फक्त दिसणं सुधारतो. एवढ्याशा फायद्यासाठी शंका अंगावर का घ्यायची, या प्रश्नाला आक्षेप घेणाऱ्यांच्या अहवालांत पुरेशी जागा मिळालेली नाही.

२०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने आपलं जुनंच मत कायम ठेवलं : रोजच्या सेवनाला मर्यादा घालण्याची गरज नाही. युरोपातही औषधी गोळ्यांच्या आवरणात ई१७१ चालूच राहिलं, कारण ते एकदम काढलं असतं तर औषधांचा तुटवडा पडण्याची भीती होती.