मोटाररंगकाम व्यवसाय, ठाणे व नवी मुंबई

अपघाताने, गंजाने किंवा उन्हाने खराब झालेला मोटारीचा पत्रा सरळ करून त्यावर नव्याने रंग चढविण्याचा व्यवसाय. बोलीत यास ‘डेंटिंग-पेंटिंग’ म्हणतात. कारखान्यात नव्या गाडीचा रंग भट्टीत साधारण १४० अंश से. तापमानाला पक्का होतो. गॅरेजात आलेल्या गाडीला काचा, रबर व वायरिंग बसलेले असल्याने तेवढी उष्णता देता येत नाही. बूथमध्येही (रंग मारण्याच्या बंदिस्त खोलीत) तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवावे लागते. या व्यवसायातील बहुतेक तंत्रे या अडचणीतून निर्माण झाली आहेत.

उगम : गॅरेजातील आधुनिक रंगकामाचा आरंभ नायट्रोसेल्युलोज लॅकरपासून धरणे योग्य ठरेल. त्यापूर्वीचे वॉर्निशयुक्त रंग ब्रशने लावले जात व रंगाचे सर्व हात (थर) सुकायला आठवडे लागत. ड्यू पाँट कंपनीचे ‘ड्यूको’ लॅकर सुमारे १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आले. त्याच्या शोधाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार १९२० च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतील पार्लिन येथे नायट्रोसेल्युलोजचे एक पिंप तसेच राहून गेले आणि घन अंश भरपूर असूनही पातळ असलेले मिश्रण योगायोगाने हाती लागले. दुसऱ्या मतानुसार हे एडमंड फ्लाहर्टी यांच्या पद्धतशीर संशोधनाचे आणि जनरल मोटर्सचे चार्ल्स केटरिंग यांनी धरलेल्या आग्रहाचे फळ होय. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पिंपातील मिश्रणाला रंगद्रव्य व राळ जोडून ते पत्र्यावर टिकविणे हे स्वतंत्र काम होते, आणि १९२० ते १९२३ हा काळ त्यातच गेलेला दिसतो.

लॅकर केवळ थिनर (रंग पातळ करणारे द्रावण) उडून सुकते व थिनरनेच पुन्हा विरघळते. त्यामुळे लहान भागाचे टचिंग सोपे जाते. मात्र चमक लवकर उतरते. १९३७ मध्ये ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधले आणि पुढे त्यावर आधारित, हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) मिसळून वापरायचे ‘टू-के’ रंग आले. हा लेप रासायनिक बंधाने घट्ट होतो. चूक झाली तर घासून काढण्यावाचून मार्ग नसतो.

परिसर : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची, ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत मानतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि तुर्भ्याच्या बाजार समितीकडे येणारे ट्रक यांमुळे येथे दुरुस्तीचे काम सतत असते.

खाडीकाठची दमट हवा हा येथील कारागिराचा खरा प्रतिस्पर्धी. लॅकरमधील थिनर झपाट्याने उडाला की पृष्ठभाग गार होतो, हवेतील बाष्प त्यावर धरते व रंग पांढुरका पडतो. उपाय म्हणून मंद उडणारा थिनर वापरतात. टू-के रंगाचा हार्डनर पाण्याशी अभिक्रिया करतो, म्हणून कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी रोज सोडावे लागते. लांबी (पत्र्यावरचे खळगे भरणारी पुट्टी) वॉटर पेपरने ओली घासून नीट वाळू न देता वर प्रायमर मारल्यास आत राहिलेला ओलावा काही महिन्यांनी फोड उठवतो. गाडी ताब्यात देताना यातले काहीच दिसत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये घाई न करणारा गॅरेजमालक विश्वासार्ह समजावा.

उद्योजक : गॅरेजचा मालक बहुधा मुळात कारागीर असतो. उस्तादाच्या हाताखाली घासकाम, मग लांबी व मास्किंग (न रंगवायचा भाग झाकणे) आणि शेवटी रंगाची स्प्रे गन हाती, असा क्रम असतो. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग’ हा अभ्यासक्रमही आहे. गाळा व कॉम्प्रेसर झाला तरी नाव होते ते शेड (रंगाची छटा) जुळविण्यावर. कंपनीचा शेड कोड एकच असला तरी उन्हात राहिलेली गाडी कोडपासून दूर गेलेली असते. मेटॅलिक रंगात हात ओला बसला तर छटा गडद दिसते, कोरडा बसला तर उजळ. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात वेगळी निघू शकते. म्हणून जाणता कारागीर रंग शेजारच्या पॅनेलवर विरवत नेतो व त्या पॅनेलवरही क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) मारतो. हे काम करावेच लागते. पण विम्याचा सर्व्हेयर मार लागलेले पॅनेलच मंजूर करत असेल, तर त्याचे पैसे मिळत नाहीत.

विम्याच्या हिशेबात रंगकामाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा धरतात. एकत्रित बिल असल्यास साहित्य २५ टक्के मानतात. म्हणजे १०,००० रुपयांच्या बिलात १,२५० रुपये गाडीमालकाला स्वतः भरावे लागतात. ‘झिरो डेप’ (घसारा न कापणारी) पॉलिसी नसेल तर हे आधी सांगणे गॅरेजमालकाच्या हिताचे, कारण वाद तेथेच होतात.

आरोग्य व नियमन : हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की अल्प मात्राही पुरते. तोंडाला बांधलेला रुमाल काहीच थांबवत नाही. नळीवाटे बाहेरची स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा हाच भरवशाचा उपाय असून गॅरेज उभारताना त्याचा खर्च बूथच्या खर्चातच धरायला हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीत वाहनदुरुस्ती व रंगकाम नारिंगी (मध्यम प्रदूषणाच्या) गटात आहे. त्यामुळे राज्य मंडळाची संमती लागते. गाडीचा मूळ रंग बदलल्यास त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. ‘एमएच ०४’ च्या गाड्यांसाठी ती ठाण्याच्या आणि ‘एमएच ४३’ साठी नवी मुंबईच्या परिवहन कार्यालयात होते.