न झालेल्या आजारांचा इतिहास

१३७७ साली एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागुसा बंदरात, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकमध्ये, एक फर्मान निघाले. प्लेगची साथ असलेल्या मुलखातून येणाऱ्यांनी शहरात पाऊल टाकण्याआधी बाहेर ३० दिवस काढायचे. पुढे ही मुदत ४० दिवसांची झाली आणि इटालियन भाषेतल्या 'चाळीस'वरून 'क्वारंटाइन' हा शब्द जगभर गेला. प्लेगचा जंतू सापडला तो १८९४ मध्ये. रोग कशाने होतो हे रागुसाच्या कारभाऱ्यांना ठाऊक नव्हते. तो माणसांबरोबर येतो, एवढे मात्र डोळ्यांना दिसत होते. तेवढ्यावर, व्यापारावर पोट असलेल्या त्या शहराने स्वतःचाच व्यापार अडवून धरला.

प्रतिबंधाची सगळी अडचण या पहिल्या उदाहरणातच दिसते. झळ आज सोसायची, ती कोणी सोसली हेही ठाऊक असते. त्यामुळे वाचले कोण, हे मात्र कधीच कळत नाही. तेव्हापासून आजपर्यंत भांडण आहे ते मुख्यतः ही झळ कोणी सोसायची याचेच.

देवीच्या बाबतीत तर ती मुलांनी सोसली. देवीच्या फोडांतला पू किंवा खपल्या निरोगी माणसाला देऊन सौम्य आजार आणायचा, ही रीत आशिया-आफ्रिकेत फार जुनी. तिच्यात काही जण दगावतही. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर या इंग्लिश डॉक्टरने दूध काढणाऱ्या एका मुलीच्या हातावरच्या गोस्तनदेवीच्या, म्हणजे गायींकडून येणाऱ्या सौम्य देवीच्या, फोडातला द्रव ८ वर्षांच्या मुलाला टोचला. नंतर त्याला खऱ्या देवीचा पू टोचूनही त्याला देवी आल्या नाहीत. लस मिळाली, पण ती समुद्रापार न्यायची कशी? १८०३ मध्ये स्पेनहून निघालेल्या बाल्मिस या डॉक्टरच्या मोहिमेने २२ अनाथ मुले जहाजावर घेतली आणि एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत लस अमेरिका खंडापर्यंत जिवंत नेली. त्या मुलांना कोणी विचारले नव्हते. लाखो लोकांना तारणाऱ्या या कामाचा पाया त्यांच्या दंडांवर रचला गेला, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

एकोणिसाव्या शतकात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, व्यापारी मार्गांवरून जग पालथे घातले. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात सुमारे ६०० माणसे मेली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यूंची घरे नकाशावर मांडली आणि बोट ठेवले ते एका सार्वजनिक पंपावर. पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नोने स्वतःच नमूद केले. रोग दूषित पाण्यातून पसरतो हे त्याचे म्हणणे अधिकाऱ्यांना तेव्हा पटले नाही. दोष दुर्गंधीचा, असेच बहुतेकांचे मत होते. स्नो १८५८ च्या जूनमध्ये वारला. त्याच उन्हाळ्यात टेम्स नदीचा दर्प संसदेत शिरला आणि शहराखालच्या प्रचंड गटारांचे काम घाईने मंजूर झाले. समजूत चुकीची, काम मात्र बरोबर. १८६६ ची पटकी मुख्यतः पूर्व लंडनमध्ये भडकली, जिथे हे काम अजून पुरे झाले नव्हते.

देशादेशांत मात्र एकमत होईना. १८५१ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. १२ राज्यांनी प्रत्येकी दोन प्रतिनिधी पाठवले, एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी, आणि दोघांना स्वतंत्र मत. एकाच देशाचे दोघे परस्परविरुद्ध मत देऊ शकत. सहा महिने चर्चा चालली. पटकी संसर्गाने पसरते की हवेने यावर वाद, आणि त्या वादाखाली दुसरा खोल वाद: जहाजे अडवून ठेवली तर नुकसान कोणाचे? ज्यांचा सागरी व्यापार मोठा, त्यांना क्वारंटाइन अशास्त्रीय वाटत होते. प्रत्यक्ष टिकलेला पहिला करार व्हायला १८९२ उजाडले, तोही सुएझ कालव्यातून येणाऱ्या पटकीपुरता. मधल्या ४१ वर्षांत पटकीने किती घरे रिकामी केली असतील, याचा विचार त्या बैठकांचे वृत्तांत वाचताना सुटत नाही. शिवाय या सगळ्या करारांचा रोख युरोपचे दार बंद ठेवण्यावर होता. रोग जिथे पेटतो तिथल्या माणसांचे पाणी स्वच्छ करावे, हा विचार त्यात जवळपास नव्हता.

तो आला जागतिक आरोग्य संघटनेबरोबर. ७ एप्रिल १९४८ रोजी तिची घटना अमलात आली. नव्या संघटनेने १९५५ मध्ये हिवताप जगातून घालवण्याचा विडा उचलला. हत्यार मुख्यतः एक: घराच्या भिंतींवर डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, १९६३ साली अवघे १७ रुग्ण उरले. मग फवारणी थांबली, पैसा आटला, डासही डीडीटीला दाद देईनासे झाले, आणि दशक संपेपर्यंत रुग्ण पुन्हा लाखांत गेले. १९६९ मध्ये जागतिक पातळीवरचे ते उद्दिष्ट सोडून द्यावे लागले. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत महाग धडा आहे: रुग्ण दिसेनासे झाले की काम संपले असे वाटते, आणि नेमका तेव्हाच हात आखडता घेतला जातो.

देवीची मोहीम वेगळी ठरली. १९६७ मध्ये तिला जोर आला तेव्हा वर्षाला एक कोटीहून अधिक लोकांना देवी येत होत्या. उन्हातही टिकणारी सुकवलेली लस आणि दोन टोकांची साधी सुई हाताशी आली होती. पण मोठी कल्पना निघाली ती टंचाईतून. पूर्व नायजेरियात १९६६ च्या डिसेंबरात अमेरिकी डॉक्टर विल्यम फेगी यांच्याकडे सगळ्यांना पुरेल इतकी लस नव्हती. म्हणून त्यांनी रुग्ण शोधला आणि त्याच्या भोवतालच्यांनाच लस टोचत कडे केले. साथ थांबली. १९८० च्या मे महिन्यात देवी संपल्याचे जाहीर झाले.

१९७४ पासून गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि क्षयाच्या लशी सर्व देशांतल्या बाळांपर्यंत नेण्याचा कार्यक्रम सुरू झाला. ५० वर्षांत लसीकरणामुळे १५ कोटी ४० लाख जीव वाचले, असा २०२४ मधला अंदाज आहे. तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात १९७८ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वच्छ पाणी, पोषण आणि माता-बालकांची काळजी प्राथमिक आरोग्यसेवेतच धरली. पुढे तंबाखू, रक्तदाब, मधुमेह हेही प्रतिबंधाच्या कक्षेत आले. तंबाखूविरोधी जागतिक करार २००५ मध्ये अमलात आला. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८० च्या दशकात याच वाटेवरची अडचण नेमकी पकडली. जो उपाय साऱ्या समाजाचे मोठे भले करतो, तो एकेकट्या माणसाला फारच थोडे देतो. मीठ कमी खाणाऱ्या हजारोंपैकी पक्षाघात कोणाचा टळला, हे दाखवता येत नाही. रुग्णालय बांधले की ते दाखवता येते, आणि निधीची वाटणी ठरते तेव्हा हा फरक फार महागात पडतो.

सोमालियातल्या मर्का गावात अली माओ मालिन रुग्णालयात स्वयंपाकी होता. देवीची लस दुखेल म्हणून त्याने ती टाळली होती. १९७७ च्या ऑक्टोबरात देवी आलेल्या दोन मुलांना नेणाऱ्या गाडीला वाट दाखवायला तो थोडा वेळ गाडीत बसला. त्याला ताप आला. आधी हिवताप समजून, मग कांजिण्या समजून उपचार झाले. खरे निदान झाल्यावर त्याच्या संपर्कातल्या दीडशेहून अधिक लोकांचा माग काढला गेला आणि दोन आठवड्यांत ५० हजारांहून अधिक लोकांना लस टोचली गेली. कोणालाही लागण झाली नाही. निसर्गतः देवी झालेला तो जगातला शेवटचा माणूस. पुढे तो पोलिओच्या मोहिमेत उतरला. लस टाळणाऱ्या आईबापांना स्वतःची गोष्ट सांगून समजावत असे. २०१३ मध्ये सोमालियात पोलिओ परतला, तेव्हाही तो याच कामावर होता. त्या जुलैत त्याला पुन्हा ताप आला. या वेळी तो खरोखरच हिवताप होता, आणि मालिन त्यातून उठला नाही.