हरणासाठी गोळी निवडताना धातू बघा, नुसतं काडतूस नाही

पिक्चरमध्ये गोळी लागली की समोरचा उडून चार फूट मागे पडतो, आणि हे बघून बघून बऱ्याच जणांना खरंच वाटतं की मोठं काडतूस म्हणजे जोराचा धक्का म्हणजे शिकार जागेवर गार. शाळेतलं संवेगाचं गणित करून बघा ना. अमेरिकेत हरणासाठी सर्रास वापरतात ते थर्टी-ऑट-सिक्स काडतूस घ्या, 150 ग्रेनची गोळी म्हणजे साधारण 9.7 ग्रॅम, नळीतून निघतानाचा वेग सेकंदाला सुमारे 880 मीटर. ती सगळीच्या सगळी 60 किलोच्या हरणात अडकली तरी त्याला सेकंदाला 14 सेंटिमीटरचा वेग मिळेल, बस्स. जाहिरातीतल्या ‘नॉकडाउन पॉवर’ला भौतिकशास्त्रात काही अर्थ नाही. हरीण मरतं ते हृदय-फुप्फुसं फाटून रक्त गेल्याने, आणि ती किती फाटणार हे गोळीचं टोक आत गेल्यावर कसं पसरतं त्यावर ठरतं.

आता हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. अंगात शिरताना वेग समजा 800 मीटर आहे, मांस-रक्ताची घनता जवळपास पाण्याइतकी, तर टोकावरचा दाब म्हणजे अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे 320 मेगापास्कल, हवेच्या दाबाच्या 3 हजार पटीहून जास्त! नेहमीच्या गोळीत असतं त्या शिशाची ताकद याच्या दहाव्या भागाइतकीही नसते, त्यामुळे ते घन राहूनही द्रवासारखं वाहायला लागतं, टोक पसरतं आणि कडेचे बारीक बारीक कण तुटून मांसात विखुरतात. एक्स-रे काढला की जखमेपासून लांबपर्यंत पांढरे ठिपके दिसतात, डोळ्यांना काही दिसत नाही. तांबं जास्त मजबूत आणि चिवट, म्हणून तांब्याच्या गोळीच्या टोकाला मुद्दाम भोक ठेवतात, आत दाब शिरला की टोक पाकळ्यांसारखं उघडतं पण सहसा तुटत नाही.

शिशाचे ते विषारी कण शिकाऱ्याच्या ताटात येतातच, शिवाय जंगलात टाकलेला कोथळा गिधाडं खातात. कॅलिफोर्निया कॉन्डॉर ही तिकडची गिधाडं 1982 साली फक्त 22 उरली होती. पुढे पैदास करून सोडलेल्या पक्ष्यांच्या रक्तातल्या शिशाचे आयसोटोप तपासले तर बहुतेकांचे गोळ्यांमधल्या शिशाशी जुळले. शिशाने अन्नमार्गाचे स्नायू लुळे पडतात आणि पक्षी खाऊनसुद्धा उपाशी मरतो. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे, आपली गिधाडं गेली ती गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने, पण रस्ता तोच, मेलेल्या जनावरातून विष. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून सगळ्याच शिकारीला शिशाच्या गोळ्या बंद केल्या ते अगदी योग्य केलं.

तांब्याची एक अडचण आहे, त्याला वेग लागतो. 300 मीटरवर वेग 660 च्या आसपास येतो, आणि दाब वेगाच्या वर्गावर असल्याने तो वरच्या 800 च्या हिशोबापेक्षा एक तृतीयांशाने घटतो, मग टोक नीट उघडेलच असं नाही. शिवाय तांब्याची घनता 8.96, शिशाची 11.34, म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळी स्थिर ठेवायला नळीतले आटे जास्त पिळाचे लागतात. म्हणून शिशाची 180 ग्रेन वापरणाऱ्याने तांब्यात 150 घ्यावी, हलकी म्हणून वेगही जास्त मिळतो, आणि लांबवरून बार टाकायचा मोह टाळून हरीण जवळ येईपर्यंत थांबावं.