तालमीची जागा

मराठीत नाटक 'बसवतात'. संहिता हातात पडल्यापासून पहिला प्रयोग लागेपर्यंत ते बसत असतं, आणि या मधल्या काळाचा खर्च कोणी उचलायचा हा आपल्या रंगभूमीचा जुनाच प्रश्न आहे. व्यावसायिक नाटकात निर्माता तो उचलतो, पण त्याच्या डोक्यात थिएटरच्या तारखा असतात. ज्या नाटकाचं शेवटी काय होणार हे बसवणाऱ्यांनाच माहीत नाही, त्यासाठी तो सहसा थांबत नाही.

1954 साली सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेने गावोगावच्या हौशी संस्थांना निदान एक तारीख दिली. तारीख आली की माणसं कामाला लागतात. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे मुंबईच्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेसाठी असंच स्पर्धेच्या निमित्ताने लिहिलं गेलं आणि 1967 मध्ये रंगमंचावर आलं. त्यातल्या नायिकेचं, बेणारेचं, ते गाजलेलं स्वगत मुळात तेंडुलकरांच्या मनात नव्हतं. तालमी चालू असताना दिग्दर्शक अरविंद देशपांडे मागे लागले, म्हणून ते लिहिलं गेलं. आज त्या स्वगताशिवाय नाटकाची कल्पनाही करवत नाही. पण स्पर्धेची दुसरी बाजूही आहे: निकाल लागला की बहुतेक नाटकांचा नेपथ्यासकट निकाल लागतो.

तेंडुलकरांच्याच 'घाशीराम कोतवाल'चं उदाहरण आणखी बोलकं आहे. पाठमोऱ्या माणसांची ती रांग, कधी पडदा होणारी, कधी भिंत, नुसती संहिता वाचून डोळ्यांसमोर येणं कठीण. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीतकार भास्कर चंदावरकर आणि नृत्यदिग्दर्शक कृष्णदेव मुळगुंद यांनी ती पोरांना हाताशी धरून तालमींत घडवली. डिसेंबर 1972 मध्ये पुण्यात पहिला प्रयोग झाला आणि 19 प्रयोगांनंतर पीडीएने (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन), म्हणजे मातृसंस्थेनेच, नाटक थांबवलं. मंडळी बाहेर पडली आणि 1973 मध्ये 'थिएटर अकॅडमी' उभी राहिली. नाटक वाचवायला संस्था काढावी लागली, हे आपल्याकडे होऊ शकतं.

मुंबईत तोवर अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी 'आविष्कार' ही नाट्यसंस्था सुरू केली होती. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह त्यांना मिळालं. बाहेर स्टेशनजवळची गजबज, गल्लीत तळल्या जाणाऱ्या वड्यांचा वास आणि आत शाळेच्या हॉलमध्ये नाटक. रंगमंदिराच्या मानाने भाडं परवडणारं, त्यामुळे चार प्रेक्षक कमी आले तरी संस्था बुडत नसे. मला विचाराल तर अनुदानापेक्षा याने जास्त काम केलं. शिवाय ती जागा आविष्कारने स्वतःपुरती ठेवली नाही, इतर संस्थांची नाटकंही तिथे झाली. आविष्कारचेच अरुण काकडे यांनी हे सगळं वर्षानुवर्षं सांभाळलं. पुढे छबिलदास सुटलं आणि आविष्कारचा मुक्काम माहीमच्या महापालिका शाळेत हलला. पुन्हा शाळाच!

थेट नव्या लेखनासाठी पैसा आला तो 1985 मध्ये. नाटककार सतीश आळेकरांच्या कल्पनेतून थिएटर अकॅडमीने नाटककारांसाठी आणि पुण्यामुंबईबाहेरच्या नाट्यसंस्थांसाठी योजना आखल्या, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने 1994 पर्यंत त्या चालल्या. परदेशी पैसा म्हणून कोणी नाकं मुरडली असतील, पण नाटक लिहिलं जात असतानाच त्याच्या पाठीशी उभं राहायचं, ही गोष्ट इथे प्रथमच इतक्या पद्धतशीरपणे झाली. त्याच सुमारास संगीत नाटक अकादमीही तरुण दिग्दर्शकांना मदत करत होती, पण तो पैसा प्रयोग आणि महोत्सव यांच्याशी बांधलेला.

आविष्कारने 1994 मध्ये महेश एलकुंचवारांची वाडा-त्रयी, म्हणजे 'वाडा चिरेबंदी' आणि त्याच कुटुंबावरची पुढची दोन नाटकं, सलग केली, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी. तीन नाटकं, सुमारे नऊ तास. एवढ्या तालमींचा हिशेब कोणत्या निर्मात्याने मांडला असता?

आज पुण्यात किंवा मुंबईत तालमीचा हॉल तासावर मिळतो. साडेनऊ वाजले की रखवालदार दाराशी येऊन किल्ल्या वाजवतो, आणि नेमका तेव्हाच तिसरा प्रवेश जमायला लागलेला असतो.