गाडी आदल्या रात्रीच गॅरेजात ठेवा

वाळपई-सत्तरीकडे जानेवारीच्या पहाटे स्वेटर लागतो, पण पणजी-म्हापशात पारा विशीच्या खाली फारसा उतरत नाही. तरी ‘थंडीमुळे गाडी सकाळी बंद पडते’ ही तक्रार गोव्यात बारमाही. बिचाऱ्या थंडीवर हा आळ नाहक आहे. इंजिनाची खरी कामाची वेळ ८० ते ९० अंश सेल्सिअसला सुरू होते. त्याच्या लेखी जूनमधली २४ अंशांची सकाळही थंडच.

मूळ मुद्दा असा, की द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिन थंड असताना मात्र बरंचसं पेट्रोल मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) गार भिंतींना चिकटून राहतं, सिलिंडरपर्यंत वाफ कमीच पोचते. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० मध्ये हे काम चालकाचं होतं: चोक ओढायचा, हवेची वाट आवळायची. एमपीएफआय गाडीत (हिच्यात कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल फवारतात) कॉम्प्युटर इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग, थोडा वाढवतो.

आता गंमत बघा. एमपीएफआय गाडीतला ऑक्सिजन सेन्सर धुरातून मिश्रणाची खबर देतो, पण स्वतः सुमारे ३०० अंश तापेपर्यंत तो गप्प असतो. तोवर कॉम्प्युटर बऱ्याच अंशी इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरवर विसंबून अंदाजाने चालतो. पुढे ऑक्सिजन सेन्सर जागा झाला की बारीकसारीक चूक कॉम्प्युटर आपणच सांभाळून घेतो, आणि दोष झाकला जातो. नेमकं याच वेळी आपण गाडी गॅरेजमध्ये नेतो! फोंड्यापर्यंत चालवत नेलेली गाडी तिथे फुलासारखी चालते, मेकॅनिक बॉनेट उघडून प्लग पुसतो, पैसे घेतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गाडी आदल्या संध्याकाळी तिथे सोडून, सकाळी पहिला सेल्फ मेकॅनिकलाच मारायला सांगणं हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय.

बंद कशी पडते, हे नीट पाहिलं की अर्धं निदान होतं. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून धरला तर चालते, पाय काढला की मरते, असं असेल तर स्लोची हवा कमी पडते आहे: थ्रॉटल बॉडीवर (हवा आत सोडणाऱ्या झडपेवर) काजळी किंवा स्लोची हवा सोडणारा आयडल व्हॉल्व्ह अडकलेला. उलट रेस दिल्यावर गचके खाऊन बंद पडत असेल तर पेट्रोल अपुरं येतं. सेल्फ मारण्याआधी किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करून बघा. तेवढ्याने पटकन सुरू झाली तर रात्रभरात पेट्रोलच्या लाइनमधला दाब उतरतो आहे असं समजा. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक ढकलताच इंजिन मरत असेल तर मॅनिफोल्डजवळच्या रबरी नळ्या तपासा. चिरलेल्या नळीतून जास्तीची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं.

तापमानाच्या सेन्सरची परीक्षा तर सुरेख आहे. रात्रभर उभ्या गाडीत पाणी आणि आत येणारी हवा यांचं तापमान जवळपास सारखंच असायला हवं. पहाटे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) पाण्याचं ६० दाखवत असेल, तर सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन तापलंय असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल आखडता देतो. स्कॅनर जुळत नसेल, आणि जुन्या गाड्यांत तो बरेचदा जुळत नाही, तर मल्टिमीटर चालतो. या सेन्सरचा रोध तापमान वाढलं की कमी होतो: अनेक गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, ८० ला तीनेकशे.

गाडी फक्त पावसाळ्यातच रुसत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि ठिणगीकडे वळा. प्लगच्या जुन्या वायरी आणि प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं तडकलेलं झाकण यांच्यावर दमट हवेची ओल धरते आणि हजारो व्होल्टचा प्रवाह प्लगपर्यंत न जाता वाटेतच बॉडीला पळतो. अंधारात बॉनेट उघडून, हात लांब ठेवून, चालू इंजिनाकडे पाहिलं तर वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत खारी हवा अर्थिंगची पट्टीही खाते, ती हिरवी-पांढरी पडलेली दिसेल.

इथेनॉलचा भाग आता टाळता येत नाही. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला लागलं. इथेनॉलच्या रेणूत मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरला मिश्रण आणखी पातळ पडतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणजे चोक थोडा जास्त वेळ ओढलेला ठेवणं आलं. मालक बोटीवर कामाला आणि गाडी सहा महिने शेडमध्ये, हे चित्र आपल्याकडे नवं नाही. अशा टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल ते शोषतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाशी वेगळा थर करतात. पेट्रोल उचलणारी नळी तळाजवळच असते. मग प्लग आणि सेन्सर बदलत बसण्यात अर्थ नाही. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा, फिल्टर बदला आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घ्या.